थर्ड शिफ्टची झोप

रिक्षाच्या मागच्या सीटवर विनिता कडेला बसली होती आणि तिच्या मांडीवर मोठी कापडी पिशवी होती. पिशवीत चाळीस खुळखुळे, दोन डफल्या आणि पत्र्याचा एक छोटा ढोल. सुट्टीला ती भिसेगावला आईवडिलांकडे गेली होती, तेव्हा कर्जतच्या बाजारातून बालवाडीच्या पोरांसाठी तिने ही खरेदी केली होती. आता सकाळी खोपोलीला उतरून ती साजगावला परत निघाली होती. खड्डा आला की पिशवी वाजायची — खुळ्ळ... आणि रिक्षावाला आरशातून बघायचा.

तेवढ्यात शेजारच्या माणसाचं डोकं आलं.

आधी ते हवेतच डुललं. मग एका वळणावर हळूच कललं आणि थेट तिच्या पिशवीवर येऊन टेकलं. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खिशाला ओळखपत्र, केसांत कसलीशी पांढरी भुकटी.

"अहो," विनिता म्हणाली.

काही नाही.

"अहो, ऐकलंत का—" म्हणाली आणि तिनेच जीभ चावली. रिक्षावाला आरशात हसला.

"उठायचा नाय तो, ताई. थर्ड शिफ्ट करून आलाय. कानाशी ढोल बडवा, तरी नाय."

त्याचं म्हणणं खरं करायलाच जणू पुढे एक मोठा खड्डा आला. चाळीस खुळखुळे, दोन डफल्या आणि ढोल एकदम वाजले. त्या माणसाने फक्त गाल जरा नीट ठेवला, उशीवर ठेवतात तसा.

साजगावचा थांबा आला. इंजिन बंद झालं, सगळं शांत झालं, आणि त्याने टक्कन डोळे उघडले. आधी पिशवीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. गालावर खुळखुळ्याचा गोल ठसा उमटला होता.

"माफ करा बाई... जड झालो का?"

"मला नाही. खुळखुळे बिचारे ओरडत होते."

"मला नाय ऐकू आले."

"ते दिसलंच."

तो हसला — लाजून, अर्धवट झोपेत. आणि विनिताला उगाचच वाटलं, की मांडीवरची पिशवी एकदम हलकी झालीये.

पुढच्या सोमवारी तो बालवाडीच्या दारात उभा होता. दाढी केलेली, केस विंचरलेले आणि बोटाला साडेचार वर्षांची एक मुलगी.

"ही आमची रिया. भावाची मुलगी. मी हरेश." मग जरा थांबून म्हणाला, "आज जागा हाय."

*

साजगावची बालवाडी गावातल्या महिला मंडळाची. एक खोली, एक ओटा, समोर जांभळीचं झाड. विनिता आत्याकडे राहून दोन वर्षं तिथे शिकवत होती. सगळं गाव तिला विनिताताई म्हणायचं. पोरांच्या आया, त्यांचे बाप, रिक्षावाले, दुकानदार... सगळे. एकटा हरेश तिला बाई म्हणायचा. हे आधी लक्षात आलं मदतीला येणाऱ्या मंगळीमावशीच्या.

"तो तुमाला ताई का नाय म्हणत, मी सांगू?" पोरांचे हात धुवून देताना ती म्हणाली.

"नको सांगू, मावशी."

"नाय सांगत."

हरेश खोपोलीपलीकडच्या पाइपच्या कंपनीत मशीनवर होता. दर आठवड्याला त्याची शिफ्ट बदलायची. सेकंड शिफ्ट असली की दुपारी तीनपर्यंत तो मोकळा. मग रियाला आणायला-सोडायला तोच यायचा. फर्स्ट असली की सकाळीच कामावर. थर्ड असली की दिवसभर झोपलेला. त्या दोन्ही आठवड्यांत रियाची आजी सुंदराबाई यायची. रियाचा बाप राजेश ट्रक घेऊन दूरदूर जायचा, आई संजना एका पॅकिंगच्या कारखान्यात जायची. पोर आजी-काकाच्या हातावरच वाढत होतं.

सेकंडच्या आठवड्यात दुपारी एक वाजता जांभळीखाली हरेश दिसायचा. रिया धावत जाऊन त्याच्या पाठीवर चढायची, आणि तो ओट्याशी येऊन नेमाने विचारायचा, "आज काय बोलली आमची पोर?"

विनिता प्रत्येक मुलाच्या नावाने एक वही ठेवायची. मूल काय खेळलं, कशाने रडलं, कोणता नवा शब्द बोललं, सगळं त्यात. ती वही उघडून वाचायची, "आज म्हणाली, काकाच्या डब्यात कारलं होतं, ते काकाने कुत्र्याला घातलं."

"हे वहीत लिवलंत?"

"लिहिलं ना."

"मग पुढचं पण लिवा. कुत्र्यानं पण नाय खाल्लं."

विनिता हसायची. हसताना वही छातीशी धरायची, आणि तो गेला तरी थोडा वेळ ती तशीच धरलेली असायची.

पण श्रावण उलटला, गणपती गेले, आणि रियाच्या वहीत एक विचित्र गोष्ट दिसू लागली. ही बडबडी पोर मधूनच आठवडाभर एक शब्द बोलायची नाही. गाणं म्हणायची नाही, नाव विचारलं तर मान खाली. पाणी हवं असलं तर तांब्याकडे बोट. खेळायची, पण कशी... ठोकळे एकमेकांवर ठेवताना आवाज होऊ नये म्हणून मधे बोट धरायची. आणि पुढच्या सोमवारी पुन्हा पोपटासारखी सुरू.

अशी मुलं विनिताने पाहिली होती, पण असं ये-जा करणारं मौन नव्हतं पाहिलं. तिला स्वस्थता लाभेना. हस्ताचा पाऊस आत्ता होता, आत्ता नाही. ऊन पडलं म्हणून चटया वाळत घालाव्यात, तर लगेच सर आली म्हणून पळावं. तिचं मनही तसंच झालं होतं. खडू रंगांप्रमाणे लावावेत, पुन्हा मिसळावेत. आत्याकडे जेवताना भाकरी हातात धरून बसावं.

त्यातच एका संध्याकाळी संजना कामावरून परस्पर आत्याच्या घरी आली. दमलेली, खांद्याला डबा.

"ताई, दिवाळीनंतर रियाला शेलूला पाठवते. माझ्या भावाकडे. त्यानं तिथं नवीन बिल्डिंगीत फ्लॅट घेतलाय. जवळच मोठी शाळा हाय. बाया बोलायला लागल्यात, पोरगी मुकी निघते की काय. तिथं तरी बोलेल."

"अहो, ती मुकी नाही. बोलते ती. फक्त..."

"फक्त काय?"

घरापासून उपटून नेलेलं साडेचार वर्षांचं पोर आणखीच मिटेल, एवढं विनिताला कळत होतं. पण का मिटतंय हेच कळलं नव्हतं, तर कुठल्या तोंडाने थांबवणार?

आणि आणखी एक गोष्ट, जी ती स्वतःशीसुद्धा नीट म्हणत नव्हती. रिया गेली की जांभळीखाली दुपारी एक वाजता कुणीच उभं राहणार नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी तिने रियाची वही जुलैपासून चाळली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा करत गेली. बोलली, बोलली, गप्प. बोलली, बोलली, गप्प. अगदी मोजून मापून, दर तिसरा आठवडा.

"हरेशची थर्ड शिफ्ट," ती पुटपुटली. "काका दिसत नाही म्हणून पोर हिरमुसते."

मंगळीमावशी दाराशी तांदूळ निवडत होती. "पण ताई, फर्स्टला पण तो येत नाय. तेवा तर पोरगी कान किटवते."

विनिताची पेन्सिल थांबली. खरंच की. दोन आठवडे काका नसतो, आणि पोर गप्प एकच आठवडा.

"काका नाय म्हणून दोन-दोन आठवडे गप्प बसणारी कोण हाय, ते मला ठाव हाय," मावशी सुपातून मान वर न काढता म्हणाली. "पण तिची वही कुणी लिवत नाय."

विनिताने कॅलेंडरकडे तोंड फिरवलं. कान गरम झाले होते. खडूंचा डबा उचलून ती उगाचच खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून आली.

तो थर्ड शिफ्टचाच आठवडा होता. दुपारी सुंदराबाई रियाला न्यायला आली, तेव्हा विनिता म्हणाली, "काकी, मी येऊ का घरी? जरा बोलायचं होतं."

सुंदराबाई थबकली. "या ना. पण चपला आवाज करतात का तुमच्या?"

विनिताला प्रश्न कळला नाही. घरी पोचल्यावर कळला.

अंगणाच्या कडेला सुंदराबाईने स्वतःच्या आणि रियाच्या चपला काढल्या आणि हातात घेतल्या. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली. आत टीव्हीवर टॉवेल टाकलेला. शेगडीपाशी पाटावर जाड गोधडीची घडी, भांडी तिच्यावर ठेवायची. कुकर शिजत होता, आणि शिट्टी यायची वेळ झाली की सुंदराबाई धावत जाऊन गॅस बारीक करायची. तीन शिट्ट्यांचा भात शिट्टीविना शिजायचा. आणि या सगळ्यातून रिया चवड्यांवर चालत होती. कोपऱ्यात जाऊन तिने आपली बाहुली घेतली, मांडीवर निजवली, आणि तिच्या ओठांवर बोट ठेवलं.

"श्श... काका झोपलाय."

विनिता भिंतीला टेकली. जुलैपासून जे वहीत सापडत नव्हतं, ते इथे मांडीवर निजलं होतं. या पोरीला कुणी मारलं नव्हतं, दटावलं नव्हतं. जिवापाड प्रेम करणाऱ्या घराने तिला आठवडाभर गप्प राहायला शिकवलं होतं, आणि ती ते इमानदारीने बालवाडीतही पाळत होती. आवाज केला तर काका उठेल. काका तिथे नाही, हे साडेचार वर्षांच्या जिवाला कोण सांगणार?

"काकी," ती मागच्या पडवीत हलक्या आवाजात म्हणाली, "एवढी शांतता कशासाठी?"

सुंदराबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हरेशचे वडील, भिवाजी... ते पण कंपनीतच. एकदा दुपारी पोर डबा बडवीत होतं, त्यांना झोप नाय झाली. त्या रात्री मशीनीत दोन बोटं गेली." "दिवसाची झोप काचेवानी असते, ताई. तडा गेला की गेला. मी घरात टाचणी पडू देत नाय."

डबा बडवणारं ते पोर कोण, हे विनिताने विचारलं नाही. सुंदराबाईची नजर आतल्या दाराकडे गेली होती, तेवढं पुरे होतं.

तेवढ्यात तेच दार उघडलं. हरेश डोळे चोळत उभा. डोळे लाल, तारवटलेले.

"काय झालं? कुजबुज कसली?" मग विनिता दिसली आणि त्याने घाईघाईने बनियनवर टॉवेल ओढला. "बाई... तुमी?"

"उठलास ना रं," सुंदराबाई कळवळली. "आमच्या बोलण्यानं."

"रोजच उठतो, आये. झोप लागते, तासाभरात जाग येते. घर असं सुन्न का असतं? मला वाटतं सगळी कुटं निघून गेली."

"तुझ्यासाठी रं. तू झोपावास म्हणून."

"रोज?"

"रोज."

तो बघत राहिला. चिंधी गुंडाळलेल्या कडीकडे, टॉवेलखालच्या टीव्हीकडे, चवड्यांवर उभ्या असलेल्या रियाकडे. "मी झोपलेला असतो, आये. मला काय माहीत, माझ्या मागं घर गप्प बसतं ते."

रियाने ओठांवर बोट ठेवून त्यालाच गप्प केलं, आणि त्याचा चेहरा असा उतरला की विनिताने नजर दुसरीकडे वळवली.

मग ती म्हणाली, "मी यांना झोपलेलं पाहिलंय, काकी."

सुंदराबाईच्या भुवया वर गेल्या. हरेश खोकला.

"रिक्षात," विनिता घाईने म्हणाली. "चाळीस खुळखुळ्यांवर डोकं ठेवून. हलले नाहीत."

"मला नाय खरं वाटत."

"रियालाही नाही वाटणार. सांगून मूल ऐकत नाही, बघून ऐकतं." ती हरेशकडे वळली. "उद्या कंपनीतून सुटलात की घरी येऊ नका. बालवाडीच्या ओट्यावर येऊन झोपा."

"ओट्यावर? गाव काय म्हणेल?"

"गाव काहीतरी म्हणणारच. तुम्ही झोपलेले असाल, तुम्हाला कुठे ऐकू येणार?"

*

दुसऱ्या दिवशी आठ वाजता तो आला. मंगळीमावशीने ओट्यावर सतरंजी टाकली. पडताक्षणी तो झोपला.

साडेनऊला रिया आजीबरोबर आली. ओट्यावर काका बघून ती जागीच थिजली. ती एकेका मुलाकडे गेली. प्रत्येकाच्या तोंडासमोर बोट धरलं. श्श. श्श. मग काकाच्या उशाशी पहारा देत बसली.

विनिताने पिशवी उपडी केली. "चला, आज आपला बँड."

खुळखुळे वाजले. डफल्या वाजल्या. कमलेश नावाच्या एका गुटगुटीत पोराने ढोल घेतला, आणि वाजवला कमी, बडवलाच जास्त. रियाचे डोळे भरून आले. ती दोन्ही हातांनी काकाचे कान झाकू लागली. जांभळीखाली सुंदराबाई उभी होती. तिचा पाय दोनदा पुढे आला. विनिताने मान हलवली — थांबा. पण तिची स्वतःची बोटं ओढणीच्या टोकाला पीळ घालत होती. चुकलं असलं तर? पोर आणखी घाबरली तर? मुलांच्या बाबतीत घाई करू नये, हे तिला कुणीतरी शिकवलं होतं. वाट बघताना मनाचं काय करावं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

काका हलला नाही.

रियाने कानांवरचे हात जरा सैल केले. वाकून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ढोल वाजतच होता. तिने एक हात काढला. मग दुसरा. शेजारी पडलेला एक खुळखुळा उचलला, आणि काकाकडे बघत बघत एकदाच हलवला. खुळ्ळ.

थांबली.

पुन्हा हलवला. जरा जोरात. काकाने झोपेतच कूस बदलली आणि तो घोरू लागला.

रियाच्या ओठांचा कोपरा हलला. तिने खुळखुळा त्याच्या कानाशी नेला, दोन्ही हातांनी धरून असा हलवला की तिचीच वेणी उडाली. आणि मग ती हसली. पोटातून, खळखळून, आणि उभी राहून अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली:

"आज्जे, काका उठतच नाय!"

मग काय विचारता. तीस पोरं ओट्यावर. काका उठतच नाय, काका उठतच नाय — त्याचंच गाणं झालं, आणि गाण्याच्या पुढे होती रिया. जांभळीखाली सुंदराबाई मटकन मुळावर बसली. पदर डोळ्यांना लावलेला, खांदे हलत होते. हसत होती का रडत, मंगळीमावशीलाही कळलं नाही.

साडेबाराला मुलं आत खाऊ खायला बसली. विनिता एकटी ओट्यावर खुळखुळे गोळा करत होती. सगळं शांत झालं, आणि हरेशने टक्कन डोळे उघडले.

"काय झालं? एकदम आवाज का बंद झाला?"

रिक्षाचं इंजिन विनिताला आठवलं. कालची कुजबुज आठवली. "तुम्हाला शांततेने जाग येते."

"आठ तास मशीन कानाशी असते, बाई." तो उठून बसला. मग काहीतरी ध्यानात आल्यासारखा म्हणाला, "म्हणजे दिवसा मला झोप येत नव्हती, ती त्यामुळं?"

"मग तुम्हाला काय वाटलं होतं?"

त्याने सतरंजीची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.

"मला वाटलं होतं... दुसऱ्याच कारणानं."

"कुठल्या?"

"आता नाय सांगत. आधी खात्री करतो." आणि चपला घालून तो निघून गेला. विनिता गोळा केलेले खुळखुळे पुन्हा पुन्हा मोजत राहिली.

*

दिवाळी झाली. भाताची कापणी उरकली, सगळीकडे पेंढ्याचा वास. रिया शेलूला गेली नाही, संजनाने स्वतः येऊन तसं सांगितलं, आणि जाताना म्हणाली, "ताई, आता घरी तिला गप्प कसं बसवायचं, ते शिकवा." सुंदराबाईने कडीची चिंधी काढली. कुकरच्या शिट्ट्या रस्त्यापर्यंत ऐकू येऊ लागल्या.

सेकंड शिफ्टचा आठवडा आला, हरेश आला, पण खात्रीबद्दल बोलला नाही. कारल्याबद्दल बोलला. विनिताने विचारलं नाही. फर्स्टचा आठवडा गेला. तिने खडू तीनदा लावले. मग थर्ड लागली.

बुधवारी दुपारी एक वाजता, ज्या वेळी तो गाढ झोपलेला असायला हवा, त्या वेळी जांभळीखाली हरेश उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"तुम्ही झोपला नाहीत?" विनिता ओट्याच्या पायरीपर्यंत आली.

"सोमवारपासून नाय."

"घरात आवाज नाही का?"

"टीव्ही चालू हाय. आये शेजारणीशी भांडते. रिया डबा बडवते, माझ्या उशाशी बसून." तो तिच्याकडे बघत होता, आणि या वेळी त्याची नजर खाली गेली नाही. "एवढा गोंगाट हाय बाई, की मेलेला माणूस पण गाढ झोपेल. तरी माझा डोळा लागत नाय. म्हणजे कारण शांतता नव्हती. झाली खात्री."

जांभळीचं एक पान गळून तिच्या वहीवर पडलं. तिने ते उचललं नाही.

"आता यावर उपाय काय," ती हळूच म्हणाली, "ते मी वहीत बघून सांगते."

"बघा. पण रातच्याला परत मशीन हाय. लवकर सांगितलंत तर..."

"आधी मला बाई म्हणणं सोडा."

"मग काय म्हणू? सगळे म्हणतात ते?"

"ते म्हणालात तर इथून पुढे दोन्ही वेळ आजीलाच पाठवा."

तो हसला. तसाच — लाजून, अर्धवट झोपेत, गालावर ठसा नसलेला. म्हणाला, "विनिता." एकदाच. आणि ती पायरी उतरून जांभळीखाली आली, इतकी जवळ की त्याच्या शर्टाला येणारा कंपनीच्या तेलाचा वास तिला ओळखीचा वाटला.

"भिसेगावला आईला सांगून येते रविवारी," ती म्हणाली. "तोवर जरा झोपा."

तेवढ्यात खिडकीच्या गजांतून एक वेणी बाहेर आली. रस्त्याच्या त्या टोकाला सुंदराबाई येताना दिसत होती. मधे दुकान होतं, पिठाची गिरणी होती, रिक्षाचा थांबा होता.

"आज्जेऽ," रियाने घसा ताणला. साजगावच्या कुठल्याही कारखान्याच्या भोंग्याने हार मानावी असा तो आवाज. "काका झोपलाच नाय! तो ताईंशी बोलतोय! ताई लाजल्यात!"

गिरणी थांबली. रिक्षावाले वळले. मंगळीमावशी दारात येऊन उभी राहिली, कमरेवर हात.

विनिताचं बोट नकळत ओठांकडे निघालं... आणि अर्ध्या वाटेवर थांबलं. एवढ्या मिनतवारीने फुटलेला आवाज. त्याला आता श्श म्हणायची तिची छाती नव्हती.

तिने हात खाली घेतला आणि वही उघडली.

"काय लिवताय?" हरेशने विचारलं.

"आज रिया काय बोलली ते."